दोन भिंती धरणारी सळई

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी सळई आहे. दोन बोटं जाड आणि घराच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत लांब. नवा पाहुणा घरात आला की वर बघतो आणि हमखास विचारतो, "हे कशाला? झोका बांधायला?" मला राग येतो. मी लोखंड आहे, म्हणून तो दिसत नाही इतकंच.

माझं काम एका वाक्यात सांगते. पूर्वेची भिंत आणि पश्चिमेची भिंत या दोघींना मी एकमेकींपासून दूर जाऊ देत नाही. माझी दोन्ही टोकं भिंतींतून आरपार बाहेर निघतात. बाहेर प्रत्येक टोकावर ताटाएवढी लोखंडी चकती आहे आणि चकतीवर मुठीएवढा नट. टोकांवर आटे पाडलेले आहेत, त्या आट्यांवर नट फिरतो. नट आवळला की भिंत आत येते, सैल केला की बाहेर झुकते. भिंतींना कान असतात असं तुम्ही म्हणता. कान वगैरे काही नसतात, मीच असते.

माझा जन्म मार खाऊन झाला. या घराचा मालक लोहार होता. एका वर्षी असं वादळ आलं की छपरानं दोन्ही भिंतींना बाहेर रेटलं. भिंती फुगल्या, कोपऱ्यांतून हात जाईल अशा फटी पडल्या. शेजारी म्हणाले, पाडून टाक, उद्या डोक्यावर येईल. लोहार म्हणाला, "पाडायला काय, कुणीही पाडेल." आणि त्यानं भट्टी पेटवली. थोरली मुलगी भाता ओढत होती, धाकटा मुलगा कोळसे टाकत होता, आणि लोहार मला ऐरणीवर घालून घणानं बडवत होता. मी लाल झाले, पिवळी झाले, वाकले, पुन्हा सरळ झाले. माझ्या अंगातून ठिणग्या उडाल्या तेव्हा ती दोन्ही मुलं हसली होती.

मग मला भिंतींत ओवलं, आणि खरे हाल पुढेच होते. माझ्या पोटाखाली पेटत्या निखाऱ्यांची घमेली ठेवली. लोखंड तापलं की लांबतं. मी लांबले की लोहार बाहेर जाऊन नट आवळायचा, आणि मग निखारे काढून मला गार होऊ द्यायचा. गार होताना मी आखडायचे आणि दोन भिंतींना कचकन आत ओढायचे. भिंती करकरायच्या, माती झडायची, पण यायच्या. कितीतरी दिवस हेच चाललं. शेवटी कोपऱ्यांतल्या फटी मिटल्या आणि शेजारी तोंडात बोट घालून बघत राहिले. तेव्हा माझं फार कौतुक झालं. ते मी अजून विसरलेले नाही.

दरवर्षी वाऱ्याचे दिवस यायच्या आधी लोहार एक काम न चुकता करायचा. थोरलीला पाना देऊन पूर्वेच्या भिंतीबाहेर उभं करायचा, धाकट्याला पश्चिमेच्या. नटापर्यंत हात पोचावा म्हणून भिंतीत दोन लोखंडी खुंट ठोकले होते, त्यांवर ती चढायची. लोहार स्वतः घराच्या मधोमध हातोडा घेऊन माझ्याखाली थांबायचा. जाड भिंतींपलीकडे हाक पोचत नसे, म्हणून त्यानं खूण ठरवली होती. माझ्या अंगावर एक ठोका पडला की थोरलीनं नट फिरवायचा, दोन पडले की धाकट्यानं. ठोका कानाला ऐकू आला नाही तरी पान्यातून हाताला कळायचा. दोघांनी सारखे फेरे द्यायचे. मग तो शेवटचा एक ठोका मारून कान लावायचा. मी खणखणले की म्हणायचा, "झालं. आता येऊ दे काय यायचं ते."

मुलं मोठी झाली. थोरलीनं बापाची भट्टी चालवायला घेतली. तिला सगळं गाव ताई म्हणू लागलं. धाकटा विमा एजंट झाला. त्याचं लग्न झालं, सून आली, पुढे तिला मुलगी झाली. तिचं नाव काहीही असो, घरात ती चिमी.

आणि मग लोहार गेला. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. धाकट्याला घरात भट्टी नको होती, बाळाला धूर लागतो म्हणून. ताईला भट्टी सोडायची नव्हती, कारण तिचं पोट त्यावर होतं. दोघांचंही खरं होतं आणि दोघांच्याही नाकावर राग. एका दुपारी त्यानं तिचा भाता उचलून रस्त्यावर फेकला. तिनं हातोडा उचलला आणि त्याच्या खिडकीच्या काचा एकेक करून फोडल्या, शेवटची फुटेपर्यंत थांबली नाही. आठवड्यात गवंडी आला आणि घराच्या मधोमध विटांची भिंत उभी राहिली. पूर्वेचं घर ताईचं, पश्चिमेचं धाकट्याचं.

भिंत बांधली खरी, पण मी तिच्यातून आरपार जात होते. माझं काय करायचं? धाकट्यानं करवत आणली. "माझ्या घरात माझ्या डोक्यावर हिचं लोखंड नको," म्हणत त्यानं मला कापायला सुरुवात केली. करवतीचे दात अंगात शिरले. तेवढ्यात ताई भट्टीतून काढलेली लालभडक कांब सांडशीत धरून दारात येऊन उभी राहिली.

"काप," ती म्हणाली. "पुढं काप. तुझा हात जाग्यावर राहिला तर मी बापाची लेक नव्हे."

"मारणार? मार! पोरीच्या देखत मार!"

सून मध्ये पडली. तिच्या बाहीला कांब लागली, कापड भुरकन पेटलं, तिनं ते हातानंच विझवलं. करवत खाली पडली. माझ्या अंगावर तो खाचेचा व्रण अजून आहे आणि सुनेच्या दंडावर कांबेचा. त्या दिवसापासून बहीण-भावानं एकमेकांशी बोलणं टाकलं.

धाकटा दारोदार फिरून लोकांची घरं विम्याखाली आणत होता. लोकांना सांगायचा, "वादळाआधी खिडक्यांना फळ्या ठोका, छपराचे आकडे तपासा. विमा आहे म्हणून घर वाऱ्यावर सोडू नका." लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! स्वतःच्या अर्ध्या घराचा विमा त्यानं काढला आणि त्यानंतर खिडकीच्या फळ्या माळ्यावर टाकल्या त्या टाकल्याच. विम्याआधी कंपनीची एक पाहणीवाली बाई आली होती. तिनं घर आतून-बाहेरून बघितलं, मला बोटानं वाजवलं आणि म्हणाली, "हिला जपा. आमचा कागद पडलेलं घर पुन्हा बांधायला मदत करतो. उभं घर धरायचं काम हिचं." त्यानं मान डोलावली. भिंतीपलीकडून ताईनंही हे ऐकलं, पण विम्याचं नाव निघालं की तिच्या कपाळाला आठी पडायची. "कागदानं कधी छप्पर धरलंय?" असं ती भट्टीशी पुटपुटायची. भावाचा धंदा म्हणून तिला विमा नको होता. दुसरं कारण नव्हतं.

आता मित्रांनो, यांची खरी चूक ऐका. अशी चूक लोहाराची पोरंच करू शकतात, कारण पाना कसा फिरवायचा ते इतर कुणाला माहीतच नसतं.

मधल्या नव्या भिंतीला, मी जिथून जाते तिथं, एक बारीक चीर पडली. नवी भिंत बसते तेव्हा चीर पडतेच. पण धाकट्याला वाटलं, ताई तिकडून नट आवळून आपलं घर तिच्या बाजूला ओढतेय. तो चिडून पश्चिमेच्या खुंटांवर चढला आणि त्यानं आपला नट दोन फेरे सैल केला. मी ढिली पडले, माझा आवाज बसला. ताईच्या कानानं ते लगेच ओळखलं. ती पूर्वेच्या खुंटांवर चढली आणि तिनं आपला नट दोन फेरे आवळला. झालं! त्याला वाटलं, बघा, ओढलंच तिनं. त्यानं पुन्हा सैल केला. तिनं पुन्हा आवळला. तोंडानं बोलणं बंद होतं, म्हणून माझ्या अंगावरून भांडण चाललं होतं. दरवर्षी मी थोडीथोडी पूर्वेकडे सरकत होते. ताईच्या बाजूला माझे आटे नटाबाहेर वीतभर आले, आणि धाकट्याच्या बाजूला नट माझ्या अगदी टोकाशी, शेवटच्या तीन-चार आट्यांवर लटकत राहिला. मला बोलता येत असतं तर मी दोघांच्या कानाखाली वाजवली असती.

मग ते वादळ आलं.

सकाळपासून हवा बंद होती. दुपारी पश्चिमेचं आभाळ काळंनिळं झालं आणि वारा एकदम अंगावर आला. पहिल्याच झपाट्यात समोरच्या दुकानाची पाटी उखडली आणि रस्त्यावरून खणखणत गेली. विजेचा खांब वाकला, तारा तुटून चाबकासारख्या आपटायला लागल्या. झाडं मोडत होती, त्यांचा आवाज मला जमिनीतून आणि भिंतीतून येत होता.

धाकटा घरीच होता. माळ्यावरच्या फळ्या त्याला आता आठवल्या. तहान लागल्यावर विहीर खणायला निघालेला माणूस शिडी लावतो न लावतो, तोच एक फांदी खिडकीतून सरळ आत घुसली. काचा खोलीभर उडाल्या, त्याच्या कपाळातून रक्त आलं. त्या भगदाडातून वारा आत शिरला. बाहेरचा वारा घराला मारतो, पण आत शिरलेला वारा घर फोडतो. त्यानं छपराला खालून वर उचललं आणि दोन्ही भिंतींना बाहेर रेटलं. तो सगळा ओढा माझ्यावर आला. मी ताणले गेले, करवतीच्या जुन्या खाचेतून कळ गेली. पश्चिमेच्या टोकावर नट कुरकुरला आणि एक आटा सोलून निघाला.

मी सुटले असते तर दोन्ही भिंती बाहेर कोसळल्या असत्या आणि छप्पर खाली आलं असतं. खाली धाकटा होता, सून होती, लोखंडी खाटेखाली दडवलेली चिमी होती. आणि पलीकडे ताई.

ताईनं माझा आवाज ऐकला. माझा सूर घोगरा झाला होता. तिनं वर बघितलं, मग दारातून वाकून बाहेर, माझ्या वीतभर बाहेर आलेल्या टोकाकडे. इकडे एवढी बाहेर म्हणजे तिकडे किती उरली असेल, हे लोहाराच्या लेकीला कळायला वेळ लागला नाही. तिचा चेहरा पांढरा पडला. तिनं हातोडा उचलला आणि माझ्या अंगावर मारला. दोन ठोके. थांबली. पुन्हा दोन.

पलीकडे धाकटा कपाळ धरून उभा होता. तो जागच्या जागी थिजला.

सून ओरडली, "कसला आवाज? काय पडलं?"

"काही पडलं नाही," तो म्हणाला. त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "ताई बोलावतेय. मला."

त्यानं कपाटाखालून बापाचा पाना ओढला. सुनेच्या हातात खलातला बत्ता दिला. "हे बघ, सळईवर एक ठोका मार, दहा आकडे मोज, मग दोन. परत एक, परत दोन. काहीही झालं तरी थांबू नकोस."

"तुम्ही कुठं चाललात? मराल बाहेर!"

"आत राहिलो तर सगळेच मरू."

तो बाहेर पडला. वाऱ्यानं त्याला पश्चिमेच्या भिंतीवर चिकटवून टाकलं, त्यामुळे तो पडला मात्र नाही. खुंटांवर चढून त्यानं नट बघितला आणि तिथंच स्वतःला एक शिवी हासडली. पूर्वेला ताईही चढली होती. आत सून खुर्चीवर उभी राहून बत्त्यानं ठोके मारत होती. एक ठोका. ताईनं आपला नट एक फेरा सैल केला, मी केसभर पश्चिमेला सरकले. दोन ठोके. धाकट्यानं आपला एक फेरा आवळला. एक ठोका. दोन ठोके. वाऱ्याच्या गोंगाटात कुणालाच काही ऐकू येत नव्हतं, पण पान्यातून दोघांच्या हातांना कळत होतं. माझ्या दोन टोकांवर दोघांचे हात होते, आणि ते पुन्हा एका खुणेनं चालत होते. मित्रांनो, मी लोखंड आहे, पण त्या क्षणी मला रडू आलं असतं.

तेवढ्यात ताईचं छप्पर गेलं. पत्रे एकापाठोपाठ एक फाटत निघाले. मधली भिंत वरून मोकळी झाली, हलली, आणि धाडकन ताईच्या बाजूला कोसळली. धुळीतून सुनेला पलीकडची खोली दिसली. भट्टी, भाता, आणि वर नुसतं काळं आभाळ. तिचा ठोका चुकला. मग तिनं दात आवळले आणि पुन्हा मारला.

एक ठोका.

उडालेला एक पत्रा पूर्वेच्या भिंतीवरून खाली आला आणि ताईच्या उजव्या हातावर आपटला. मला दिसलं नाही, पण कळलं. पाना निसटला. नटावर काहीतरी कोमट ओघळलं. मी वाट बघितली. दोन ठोके पडले, धाकट्यानं आवळायला बघितलं, पण मी ताणलेली होते, नट तसूभर फिरला नाही. आत सून पुन्हा एक ठोका मारून वाट बघत होती. मग पूर्वेच्या नटावर पाना पुन्हा बसला. पकड बदललेली होती, डाव्या हाताची होती. पण फेरा पूर्ण झाला. दोन ठोके. धाकट्यानं आवळला. आता त्याच्या नटात पुरते आटे आले होते.

वारा त्यानंतरही बराच वेळ मारत राहिला. पण मी हलले नाही आणि भिंतीही हलल्या नाहीत.

वादळ ओसरल्यावर धाकटा पूर्वेच्या बाजूला धावत गेला. ताई भिंतीला टेकून खाली बसली होती. उजव्या हाताची तीन बोटं चेचली होती, त्यातली दोन पुढे काढावी लागली. त्यानं सदरा फाडून तिचा हात बांधला. इतक्या वर्षांनी ती त्याच्याशी बोललेलं पहिलं वाक्य मी सांगते.

"गाढवा, किती सैल ठेवला होतास!"

"आणि तू किती आवळला होतास?" तो म्हणाला, आणि दोघं रडायला लागली.

काही दिवसांनी तीच पाहणीवाली बाई नुकसान बघायला आली. तिनं माझी दोन्ही टोकं निरखली. पश्चिमेच्या टोकावर सोललेला आटा होता. "हे वाऱ्यानं झालं का?" तिनं विचारलं.

हो म्हटलं असतं तर चाललं असतं. वारा काही साक्ष द्यायला येणार नव्हता, आणि मीही बोलणार नव्हते. धाकट्यानं ताईच्या बांधलेल्या हाताकडे बघितलं.

"नाही," तो म्हणाला. "मी सैल केला होता. रागानं. दरवर्षी. खिडकीच्या फळ्याही माझ्या माळ्यावरच होत्या."

बाईनं ते लिहून घेतलं. मग तिनं स्पष्ट सांगितलं की निष्काळजीपणामुळे जे गेलं ते कंपनी देणार नाही. त्याच्या भागावरचेही काही पत्रे वाऱ्यानं उडाले होते, तेवढं मिळेल. ताईच्या घराचा विमाच नव्हता, तिला काहीच मिळणार नव्हतं. ताईनं मान खाली घातली. माझ्या मते तिला बोटांपेक्षा हे जास्त लागलं. जाता जाता बाईनं मध्ये पडलेल्या विटांच्या ढिगाकडे बोट केलं.

"आणि ही मधली भिंत? तुमच्या बाजूची आहे ना? ती नुकसानीत धरायची का?"

भावानं बहिणीकडे बघितलं, बहिणीनं भावाकडे.

"नको," दोघं एकदम म्हणाली. ताईनं पुढे जोडलं, "ते नुकसान नाही."

मिळालेल्या पैशांतून पत्रे आले ते आधी ताईच्या खोलीवर चढले. भट्टी अंगणात गेली, शेडसुद्धा धाकट्यानंच बांधली. विम्याचा नवा कागद झाला तेव्हा त्यावर एकच घर लिहिलं होतं, आणि कागदावर सही व्हायच्या आधी खिडक्यांना फळ्या बसल्या होत्या.

मित्रांनो, आता मी म्हातारी झाले आहे. अंगावर गंज आहे, एक खाच आहे. म्हणून हक्कानं सांगते. घराचा विमा जरूर काढा. ताईसारखं रागापायी नाकारू नका. पण कागद कपाटात ठेवला म्हणून खिडकीच्या फळ्या माळ्यावर टाकू नका. वाऱ्याचे दिवस यायच्या आधी वर बघा, खाली बघा, जे सैल झालंय ते आवळा. आणि कुणाशी अबोला धरला असेल तर तो वादळाच्या आधी सोडा, कारण काही नट एकट्यानं आवळले जात नाहीत.

आमच्या घरी यंदाही वाऱ्याचे दिवस जवळ आले आहेत. पश्चिमेच्या खुंटांवर धाकटा चढला आहे. पूर्वेला सून आहे. ताईला आता त्या हातात पाना धरता येत नाही. ताई घराच्या मधोमध, जिथं तिचा बाप उभा राहायचा तिथं, माझ्याखाली उभी आहे. हातोडा तिच्या डाव्या हातात आहे, आणि तिच्या शेजारी खुर्चीवर उभ्या असलेल्या चिमीनं आपला कान माझ्याकडे केला आहे.

एक ठोका. दोन ठोके. आणि शेवटी, ऐका, मी खणखणते.